विश्लेषण : पंचगंगेकाठचा मैला एकत्र हाताळल्याशिवाय इचलकरंजीला शुद्ध पाणी मिळेल का?

इचलकरंजीला आधी वारणेचे पाणी हवे होते, मग दूधगंगेचे. दानोळीतून वारणेचे पाणी उचलण्याच्या योजनेला वारणाकाठाने विरोध केला. सुळकूडमधून दूधगंगेचे पाणी आणायचे ठरले, तर कागल तालुक्यात विरोध उभा राहिला. शहराच्या अंगणातून पंचगंगा वाहते, तरी पिण्याच्या पाण्यासाठी वस्त्रनगरीला दुसऱ्याच्या नदीकडे पाहावे लागते. हा वाद पाणीटंचाईचा म्हणून मांडला जातो. प्रत्यक्षात तो मैल्याच्या नियोजनाचा आहे. वरच्या गावाने सोडलेले खालच्या गावाने प्यायचे, आणि दोघांचा हिशोब एकाच कागदावर कधी मांडायचाच नाही, अशी ही व्यवस्था आहे.

पंचगंगा नेमकी कुठे बिघडते?

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्या प्रयाग चिखलीजवळ एकत्र येतात. पाचवी सरस्वती गुप्त मानली जाते. तिथून कोल्हापूर, रुकडी, इचलकरंजी करत सुमारे ८० किलोमीटर वाहून पंचगंगा कुरुंदवाड-नृसिंहवाडीजवळ कृष्णेला मिळते. प्रयागापर्यंत नदी बऱ्यापैकी बरी असते. बिघाड कोल्हापूर शहरापासून सुरू होतो आणि खाली प्रत्येक टप्प्यावर त्यात भर पडत जाते : शहराचे नाले, औद्योगिक वसाहती, साखर कारखाने, इचलकरंजीतील कापड प्रक्रिया उद्योग आणि काठावरच्या गावांची गटारे.

त्यात बंधाऱ्यांची भर. कोल्हापूर पद्धतीचे बंधारे हा या जिल्ह्याने राज्याला दिलेला शोध. पावसाळा संपला की बरगे घालायचे, पाणी अडवायचे आणि उसाला द्यायचे. शेतीसाठी ही सोय उत्तम, पण मार्च ते मे या काळात नदी वाहती राहत नाही. एकामागे एक साचलेल्या तळ्यांची ती माळ होते. वरून येणारा मैला त्या तळ्यांत मुरत राहतो, पाण्यातला प्राणवायू संपतो, जलपर्णी पसरते. तेरवाड बंधाऱ्यापाशी मेलेल्या माशांचा खच पडल्याची छायाचित्रे उन्हाळ्यात वारंवार छापून येतात. मग ओरड होते, राधानगरीतून पाणी सोडून नदी ‘प्रवाहित’ केली जाते आणि सगळी घाण एक बंधारा खाली सरकते. धरणातले चांगले पाणी घाण ढकलण्यासाठी वापरण्याचा हा प्रकार किती महाग आहे, याचा जमाखर्च मात्र कुणी मांडत नाही.

प्रक्रिया केंद्रे आहेत, मग मैला नदीत का जातो?

आकड्यांत पाहिले तर कोल्हापूरचे चित्र वाईट नाही. कसबा बावड्यात ७६ एमएलडी क्षमतेचे सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे, दुधाळीत १७ एमएलडीचे. एमएलडी म्हणजे रोजचे दशलक्ष लिटर. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या घरात होती. माणशी १३५ लिटर पाणी आणि त्यातले ८० टक्के सांडपाणी म्हणून परत येते, हा नियोजनाचा रूढ हिशोब धरला, तर रोज साधारण ६० एमएलडी मैलापाणी होते. लोकसंख्या त्यानंतर वाढली हे धरले, तरी ९३ एमएलडीची क्षमता कागदावर पुरेशी दिसते.

पण केंद्राची क्षमता आणि केंद्रापर्यंत पोहोचणारा मैला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जयंती ही मुळात नदी. आज ती नाला म्हणून ओळखली जाते आणि शहराचा मोठा भार वाहते. तिचे पाणी बंधारा घालून अडवायचे, पंपाने उचलायचे आणि बावड्याला पाठवायचे अशी रचना आहे. वीज गेली, पंप बिघडला किंवा पाऊस पडून नाला भरला की पाणी बंधाऱ्यावरून थेट नदीत. महापुरात तर सखल भागातली यंत्रणाच पाण्याखाली जायची भीती असते. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट आहे. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांवर गेले होते.

देशाचे चित्र याहून वेगळे नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातील शहरांत रोज ७२,३६८ एमएलडी सांडपाणी तयार होते. उभारलेली क्षमता ३१,८४१ एमएलडी, आणि प्रत्यक्ष प्रक्रिया २०,२३५ एमएलडीवर. म्हणजे जे बांधले, त्याचाही तिसरा हिस्सा रिकामा. याच मंडळाच्या २०२२ च्या यादीत देशात ३११ प्रदूषित नदीपट्टे होते. त्यात सर्वाधिक, ५५, महाराष्ट्रात.

दुसरी गोम हद्दीची. कोल्हापूर महानगरपालिका १९७२ मध्ये स्थापन झाली आणि तेव्हापासून शहराची हद्द वाढलेली नाही. शहर मात्र वाढले : पाचगाव, कळंबा, उचगाव, गांधीनगर, वडणगे. या गावांत अपार्टमेंट आहेत, मंगल कार्यालये आहेत, गांधीनगरसारखी राज्यभर ओळखली जाणारी कापडाची बाजारपेठ आहे. कारभार ग्रामपंचायतीचा. घरपट्टी वाढेल, शेतजमिनीवर आरक्षणे पडतील या भीतीने हद्दवाढीला विरोध होत राहिला. त्या भीतीत तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. पण हद्दवाढ अडली म्हणून मैला अडत नाही, तो उताराने येतो. २०१७ मध्ये तोडगा म्हणून ४२ गावांसाठी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झाले. त्याची चर्चा मुख्यतः बांधकाम परवान्यांभोवती फिरली.

या गावांना पाणी कसे मिळते ते पाहा. गांधीनगर परिसरासाठी प्रादेशिक नळपाणी योजना आहे. एक गाव एकटे धरणातून पाणी आणू शकत नाही, म्हणून अनेक गावांची एक योजना करायची, हे महाराष्ट्राने फार पूर्वी स्वीकारले. ‘प्रादेशिक नळपाणी योजना’ हा शब्द खेड्यातल्या माणसालाही ठाऊक आहे. ‘प्रादेशिक मैलापाणी योजना’ असा शब्द कुणी ऐकला आहे का? पाणी येताना एकत्र आणि जाताना ज्याचे त्याचे. जलजीवन मिशनमध्ये माणशी ५५ लिटर पाणी घरात येणार, तेव्हा त्यातले बहुतांश वापरून गटारात जाणार हे उघड आहे.

खेड्यांची अडचण आणखी वेगळी. घराघरांत शौचालये झाली, त्यांच्या टाक्या झाल्या. टाकीतून बाहेर पडणारे पाणी शोषखड्ड्यात जिरावे अशी अपेक्षा असते. पण शिरोळसारख्या तालुक्यात काळी जमीन, वर्षानुवर्षे उसाला दिलेले पाणी, वर आलेली भूजल पातळी आणि क्षारपड शिवार. तिथे खड्ड्यात पाणी जिरत नाही, उलट खड्डाच पाण्याने भरतो. मग टाकीचा पाइप सरळ गटाराला जोडला जातो. उपसलेला गाळ टँकरवाला कुठे ओततो, हे बहुतेक ठिकाणी टँकरवाल्यालाच ठाऊक.

यातून आजार कसा होतो?

मैल्यातून पसरणारे आजार सर्वांना माहीत आहेत : गॅस्ट्रो, विषमज्वर, कावीळ. पण इचलकरंजीच्या संदर्भात कावीळ वेगळी समजून घ्यावी लागते. २०१२ च्या उन्हाळ्यात शहरात काविळीची मोठी साथ आली. हजारो लोक आजारी पडले, मृत्यू झाले. कारण होते हेपॅटायटिस ई हा विषाणू. तो रुग्णाच्या विष्ठेतून बाहेर पडतो आणि पाण्यावाटे पसरतो. शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत दोन ते दहा आठवडे जातात. त्यामुळे साथ लक्षात येते तेव्हा दूषित पाणी पिऊन महिना उलटलेला असतो आणि गळती कुठे होती, हे शोधणे अवघड होते. एरवी हा आजार बरा होतो. गर्भवतींमध्ये मात्र, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, तो जीवघेणा ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते अशा २० ते २५ टक्के रुग्ण दगावू शकतात.

नदीत मैला मिसळला तरी जलशुद्धीकरण केंद्र आहे ना, क्लोरीन टाकतातच, असा एक दिलासा शहरांत असतो. तो किती फसवा आहे हे दिल्लीने १९५५ मध्ये अनुभवले. त्या वर्षी पुरानंतर यमुनेने प्रवाह बदलला आणि नजफगड नाल्याचा मैला उलटा सरकून वझिराबादच्या पाणीउपशापाशी आला. प्रशासन गाफील नव्हते. तुरटी आणि क्लोरीनची मात्रा वाढवण्यात आली. त्यामुळे विषमज्वरासारखे जिवाणूजन्य आजार वाढले नाहीत, पण काही आठवड्यांनी काविळीचे २९ हजारांहून अधिक रुग्ण निघाले. गढूळ पाण्यात लपलेला विषाणू क्लोरीनला पुरून उरला. तो कोणता, हे तेव्हा कळले नव्हते. जतन केलेल्या रक्तनमुन्यांची पुढे अनेक वर्षांनी तपासणी झाली, तेव्हा ती हेपॅटायटिस ईची साथ असल्याचे स्पष्ट झाले.

थोडक्यात, शुद्धीकरण केंद्र ही शेवटची भिंत आहे. पहिली भिंत नदीच्या वरच्या अंगाला, मैला पाण्यात पडण्याआधी असावी लागते. आणि इचलकरंजीची पहिली भिंत इचलकरंजीच्या हद्दीत नाहीच. त्यानंतर शहरांतर्गत वाहिन्यांचा प्रश्न येतो. दोन-चार दिवसांनी येणाऱ्या पाण्यामुळे मधल्या काळात नळवाहिनी रिकामी राहते. तिला चीर असेल आणि शेजारून गटार जात असेल, तर गटाराचे पाणी आत ओढले जाते.

कोल्हापूरला याची झळ का बसत नाही?

कारण कोल्हापूर ते पाणी पीत नाही. शहराचे जुने उपसे बालिंगा आणि शिंगणापूरला, म्हणजे शहराच्या वरच्या अंगाला. त्यातही शहराने दूधगंगेवरील काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइन आणली. २०१३ मध्ये मंजूर झालेल्या या योजनेचे पाणी २०२३ च्या दिवाळीत शहरात पोहोचले. कोल्हापूरकरांनी त्यासाठी काढलेली वर्षे आणि केलेली आंदोलने पाहता त्या आनंदाला नावे ठेवता येणार नाहीत. पण परिणाम पाहा. वरच्या शहराचे स्वयंपाकघर आता पंचगंगेपासून आणखी लांब गेले. नदी बिघडली तर कोल्हापूरला पर्यावरणाची, घाटाची, प्रतिष्ठेची चिंता असते. पिण्याच्या पाण्याची चिंता खालच्यांना. शिवाय जी दूधगंगा कोल्हापूरने गाठली, तीच इचलकरंजीनेही मागितली, आणि काठावरच्या शेतकऱ्याला वाटले की आता आपल्या नदीचीही पंचगंगा होणार.

इथे कुणाला खलनायक ठरवून भागत नाही. खालच्या शहराचा फायदा आणि वरच्या शहराचा खर्च, अशी गाठ आहे. मैला शुद्ध करण्याचे वीजबिल कोल्हापूर महापालिका भरणार आणि त्याचा लाभ रुकडी, इचलकरंजी, शिरोळ, कुरुंदवाडला होणार. इचलकरंजीने आपला मैला शुद्ध करायचा आणि लाभ नृसिंहवाडीत स्नानाला येणाऱ्या भाविकांना. दक्षिणद्वार सोहळ्याला पुराचे पाणी दत्तमंदिरातून वाहते आणि लोक श्रद्धेने त्यात स्नान करतात. त्या पाण्यात वरच्या साऱ्या गावांचा वाटा असतो. प्रत्येक नगरपालिकेला आपला अर्थसंकल्प आपल्या मतदारांपुढे मांडायचा असतो, म्हणून दर वेळी प्रक्रिया केंद्राच्या देखभालीपेक्षा रस्त्याचे डांबरीकरण जिंकते.

एकत्रित नियोजन म्हणजे एकच मोठे केंद्र का?

नाही. सगळ्या गावांचा मैला एका ठिकाणी ढकलायचा तर पंपांवरच खर्च होईल. एकत्र करायचे ते नियोजन, पैसा आणि जबाबदारी. नळ कुठे जोडायचा आणि कुठे नाही, हे जमिनीचा उतार ठरवतो. शहराला चिकटलेली, दाट वस्तीची गावे महापालिकेच्या वाहिनीला जोडता येतात. जयंतीत येणारा मैला हद्दीबाहेर तयार झाला असेल, तर तो हद्दीवरच मोजून वाहिनीत घेणे स्वस्त. दूरच्या गावांना स्थिरीकरण तळी किंवा वीज फारशी न लागणारी छोटी केंद्रे पुरतात. टाक्यांचा गाळ मात्र दहा-वीस गावांनी मिळून एकाच ठिकाणी न्यावा. आणि या साऱ्यावर नदीच्या उताराच्या क्रमाने लक्ष ठेवणारी एक यंत्रणा हवी. कुठला नाला आधी अडवला तर खालच्या पाणीउपशापाशी किती फरक पडेल, असा तो क्रम. आज निधी ज्याचा प्रस्ताव आधी तयार त्याला मिळतो.

असे कुठे झाले आहे?

अमेरिकेतील सिअॅटल शहराचे उदाहरण अभ्यासकांच्या तोंडी असते, आणि ते कोल्हापूरच्या हद्दवाढीशी विलक्षण जुळते. शहराच्या पूर्वेला लेक वॉशिंग्टन हे मोठे सरोवर. त्याच्या काठावर बेलव्ह्यू, कर्कलंड, रेंटन अशी गावे. मायक्रोसॉफ्टमुळे आज या परिसरात अनेक मराठी कुटुंबे राहतात. दुसऱ्या महायुद्धानंतर ही उपनगरे भराभर वाढली. प्रत्येकाने आपापले प्रक्रिया केंद्र बांधले. अशी दहा-अकरा केंद्रे रोज सुमारे ७५ एमएलडी पाणी सरोवरात सोडू लागली. हा आकडा एकट्या कसबा बावडा केंद्राच्या क्षमतेइतका आहे.

ते पाणी प्रक्रिया केलेले होते, तरीही १९५५ मध्ये सरोवरात निळ्या-हिरव्या शेवाळाचा प्रकोप दिसला. वॉशिंग्टन विद्यापीठातील डब्ल्यू. टी. एडमंडसन यांनी कारण दाखवून दिले : प्रक्रियेनंतरही पाण्यात उरणारे फॉस्फरस. शेवाळाचे ते खत होते. साठच्या दशकाच्या सुरुवातीला उन्हाळ्यात पाण्यात सोडलेली पांढरी तबकडी एक मीटरच्या आतच दिसेनाशी होई. पोहण्याचे किनारे बंद करावे लागत.

सिअॅटलने उपनगरे गिळायची म्हटले असते तर तेही अडून राहिले असते. जिम एलिस या वकिलाने वेगळा मार्ग सुचवला : हद्दी तशाच ठेवा, फक्त एका कामासाठी एक सामाईक संस्था करा. १९५७ मध्ये राज्याने तसा कायदा केला. मार्च १९५८ मध्ये मतदान झाले. त्या प्रस्तावात मैल्याबरोबर वाहतूक आणि नगरनियोजनही होते. शहराने होकार दिला, उपनगरांनी नाकारले. शहरात आणि शहराबाहेर अशी दोन्हीकडे वेगवेगळी बहुमते लागत असल्याने प्रस्ताव पडला. मग बाकीचे सारे काढून टाकून, केवळ मैल्याचा प्रस्ताव सप्टेंबरमध्ये पुन्हा ठेवला आणि तो मंजूर झाला. ‘मेट्रो’ नावाची संस्था स्थापन झाली. सरोवराभोवती मोठ्या वाहिन्या टाकून सारा मैला दोन मोठ्या केंद्रांकडे वळवण्यात आला. सुमारे १४ कोटी डॉलर खर्चाचे हे काम. १९६३ पासून एकेका गावाचे पाणी सरोवरातून निघाले, १९६८ मध्ये शेवटचे. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात तीच तबकडी सहा-सात मीटर खोलीपर्यंत दिसू लागली.

ही गोष्ट बहुधा इथेच थांबवली जाते. पण पुढचाही भाग आहे. सरोवर वाचले, मैला मात्र समुद्राच्या खाडीकडे गेला. वेस्ट पॉइंट केंद्रात १९९० च्या दशकापर्यंत केवळ प्राथमिक प्रक्रिया होत असे. १९९० मध्ये न्यायालयाने ‘मेट्रो’च्या परिषदेची रचना घटनाबाह्य ठरवली. लोकसंख्येच्या प्रमाणात प्रतिनिधित्व नसलेली संस्था लोकांवर आकार बसवत होती. १९९४ मध्ये ती किंग काउंटीत विलीन झाली. आणि ९ फेब्रुवारी २०१७ रोजी मुसळधार पावसात वेस्ट पॉइंट केंद्रच पाण्याखाली गेले. कोट्यवधी लिटर पावसाचे पाणी आणि कच्चा मैला खाडीत सोडावा लागला. सामाईक यंत्रणा बिघडते तेव्हा बिघाडही सामाईक होतो. महापुराच्या कोल्हापूरने हे विशेष लक्षात घ्यावे.

महाराष्ट्रात याची सुरुवात झाली आहे का?

छोट्या प्रमाणात, आणि तीही जवळच्याच जिल्ह्यात. सातारा शहरात टाक्यांच्या गाळावर प्रक्रिया करणारे रोज ६५ हजार लिटर क्षमतेचे केंद्र आहे. ते पूर्ण क्षमतेने चालत नव्हते. म्हणून जकातवाडी, सोनगाव, कोडोली आणि देगाव या लगतच्या गावांचा गाळ तिथे घेण्याचे ठरले. गावांना नवे केंद्र बांधावे लागले नाही, शहराला रिकामी क्षमता वापरता आली. खटाव तालुक्यातील मायणीत सुमारे ८० गावांसाठी एकत्रित केंद्राची योजना झाली.

कृष्णाकाठच्या वाईने आणखी एक महत्त्वाची गोष्ट केली. टाकी तुंबली की टँकर बोलवायचा, ही पद्धत सोडून दर तीन वर्षांनी प्रत्येक घराची टाकी वेळापत्रकानुसार उपसायची, खर्च स्वच्छता करातून भागवायचा आणि गाळ नगरपालिकेच्या केंद्रात न्यायचा, असे २०१८ पासून ठरवले. टाकी तुंबेपर्यंत वाट पाहिली तर ती बरेच दिवस आधीपासून कच्चा मैला गटारात सोडत असते. ज्या गावांत गटारवाहिनी येत्या दहा वर्षांत येण्याची शक्यता नाही, त्यांच्यासाठी हे लगेच करता येण्याजोगे आहे.

खर्च कोणी आणि कसा उचलायचा?

केंद्र बांधायला केंद्र आणि राज्याच्या योजनांतून पैसा मिळतो. अडते ते चालवताना. वीज, रसायने, प्रशिक्षित माणसे, पंपांची दुरुस्ती यांचा खर्च दर महिन्याला येतो आणि त्याला फीत कापण्याचा समारंभ नसतो. एकत्रित योजनेत याचे साधे सूत्र असू शकते : प्रत्येक गावाच्या सीमेवर प्रवाहमापक बसवायचा, जेवढा मैला आणि तो जेवढा तीव्र, तेवढा आकार. खालच्या शहरांनीही त्यात वाटा उचलावा, असे या लेखाचे मत आहे. ‘प्रदूषण करणाऱ्याने भरावे’ हे तत्त्व बरोबरच, पण लांबच्या नदीतून जलवाहिनी टाकण्यावर इचलकरंजी जो खर्च करणार, त्याचा काही भाग वरच्या नाल्यांवर खर्चून पाणीउपशापाशी नदी सुधारत असेल, तर तो सौदा घाट्याचा नाही.

उत्पन्नाचाही मार्ग आहे. नागपूरचे प्रक्रिया केलेले सांडपाणी महानिर्मितीच्या औष्णिक वीज केंद्रांना दिले जाते. इचलकरंजीत कापड प्रक्रिया उद्योगाला पाणी लागते, भोवती ऊस आहे. शिवाय पोषकद्रव्ये असलेले पाणी नदीऐवजी शेतात गेले तर जलपर्णीचे खतही कमी होईल. अर्थात त्यासाठी उद्योगांचे रसायनयुक्त पाणी घरगुती मैल्यात मिसळू न देणे ही पहिली अट. एकदा ते मिसळले की केंद्रातले जिवाणू मरतात आणि शेतकरी ते पाणी घेत नाही.

हे करणार कोण, यावर घोडे अडते. नागरी क्षेत्र विकास प्राधिकरणाची ४२ गावे कोल्हापूरभोवतीची. इचलकरंजी आणि शिरोळ त्यात नाहीत. प्रदूषण नियंत्रण मंडळ नोटीस देऊ शकते, वाहिनी टाकू शकत नाही. पंचगंगेच्या प्रदूषणाचा विषय मुंबई उच्च न्यायालयात गेला, विभागीय आयुक्तांच्या पातळीवर देखरेख समिती आली. पण समिती आढावा घेते, बिल भरत नाही. महाराष्ट्र जीवन प्राधिकरण १९७६ च्या ज्या कायद्याने अस्तित्वात आले, त्याच्या मूळ नावात पाणीपुरवठ्याइतकाच मलनिस्सारणाचाही उल्लेख होता. प्रादेशिक नळपाणी योजनांचा अनुभवही याच संस्थेकडे आहे. कोल्हापूर आणि इचलकरंजी या दोन महापालिका, काठावरच्या नगरपालिका आणि जिल्हा परिषद यांची सामाईक संस्था करून तांत्रिक बाजू जीवन प्राधिकरणाकडे देणे अशक्य नाही. सिअॅटलच्या दुसऱ्या मतदानातला धडा इथे उपयोगी पडेल. हद्दवाढ, विकास आराखडा, परिवहन यांतले काहीही त्या संस्थेच्या कक्षेत आणू नये. फक्त मैला.

तोपर्यंत काठावरच्या घरांनी काय करावे?

उन्हाळ्यात आणि पहिल्या पावसात पिण्याचे पाणी उकळून घ्यावे. हेपॅटायटिस ईचा विषाणू उकळण्याने मरतो, पाणी केवळ फडक्याने गाळून मरत नाही. घरात गर्भवती असेल तर यात हयगय नको. काविळीचे दोन-तीन रुग्ण एकाच गल्लीत निघाले, तर झाडपाल्याच्या औषधामागे न लागता आरोग्य केंद्राला कळवावे, कारण दूषित पाणी पिऊन आठवडे उलटलेले असतात आणि नळवाहिनीची तपासणी तातडीने व्हावी लागते. शौचालयाची टाकी शेवटची कधी उपसली ते आठवून पाहा. पाच वर्षे झाली असतील तर ती आता टाकी नाही, नुसता रस्ता आहे. आणि आपल्या नगरपालिकेला विचारायचा प्रश्न एवढाच : केंद्राची क्षमता किती, हा नव्हे, तर काल तिथे किती लिटर मैला पोहोचला?